एका जोडाला चार वड्या

सुश्याने पैज घेतली आणि तिथून आमच्या वर्गात प्रोटीन घुसलं.

सुश्या महाडच्या जिमला जातो, म्हणजे तिथल्या आरशात बघायला जातो. त्याचं म्हणणं, अंडी खाल्ली की बॉडी आपोआप बनते. मी बोललो, मग दिवसभर नुसती अंडी खा, भात-भाकरी बंद, आणि संध्याकाळी शेजारच्या कापडे गावच्या पोरांसमोर कबड्डीला उतर. डोकं असलेला माणूस नाय बोलला असता. सुश्या बोलला, "डन."

संध्याकाळी रेड टाकायला गेला. मधली रेषा ओलांडली, जरा कबड्डी-कबड्डी केलं आणि खाली बसला. कापड्याच्या पोरांनी त्याला पकडला पण नाय. उचलून आमच्या बाजूला आणून ठेवला.

असे किस्से पोलादपूरच्या आमच्या अकरावी सायन्समध्ये इतके साठलेत, की वर्ग झाडला तरी केराबरोबर दोन-तीन निघतील. बहुतेक सगळे बायोलॉजीच्या तासाचे. बायोलॉजीला जाधव मॅडम. रोज महाडवरून एसटीने येतात, तासावर पगार, पक्क्या नाय. यंदा प्राचार्य सर त्यांना बोलले, मी एकदा मागे बसून तुमचा तास बघतो, मग पुढच्या वर्षी ठेवायचं का ते सांगतो. मॅडम गेल्या असत्या तर बायोलॉजी फिजिक्सचे सर घेणार होते. ते बेडकाला पण फॉर्म्युला लावतात. म्हणजे टेन्शन मॅडमला होतं तेवढंच आम्हाला.

*

कबड्डीची बातमी दुसऱ्या दिवशी मॅडमपर्यंत गेली. त्यांनी सुश्याला उभा केला. बोलल्या, अंडं पचलं की तुला मिळतात सुटे मणी, त्याला अमिनो ॲसिड म्हणतात. त्या मण्यांची तुझी स्वतःची माळ ओवली की ते तुझं प्रोटीन. आणि माळ फुकट ओवली जात नाय, पेशीला त्यासाठी एनर्जी मोजावी लागते.

"मणी तू ढीगभर आणलेस. ओवायचा खर्च कुठून देणार होतास?"

सुश्याने विचार केला. बोलला, "मॅडम, मी मनापासून खाल्ली होती."

*

मग मॅडमनी हिशोब सांगितला. पेशीची एनर्जी एटीपीच्या पुड्यांत असते. एक मणी माळेला जोडायला चार पुड्या. दोन पुड्या मणी तयार करून आणणाऱ्याच्या, दोन ओवणाऱ्याच्या. (ओवणाऱ्याच्या दोन एटीपी नाय, जीटीपी असतात, पण मॅडम बोलल्या एकमेकांचे भाऊच समजा.) आणि एका माळेत असे शेकडो मणी. पेशीच्या सगळ्यात महागड्या कामांतलं एक काम हेच.

मी मागून बोललो, "मॅडम, हे तर आमच्या भातलावणीसारखं हाय. एक माणूस आवणातल्या रोपांच्या मुठी आणून देतो, दुसरा लावतो, आणि भाकरी दोघांना द्यायला लागते."

वर्ग हसला. मला वाटलं, आता बाहेर. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'भाकरी दोघांना', आणि खाली रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य फळ्यावर गेलं, नायतर नाव जातं.

*

पेशीत माळ चुकीची ओवली गेली तर ती मोडतात, त्यालाही एनर्जी लागते, आणि परत ओवायला परत तेवढीच. हे सायलीने विचारून घेतलं. सायली आमची हुशार, पहिल्या बाकावरची.

मला हे लगेच पटलं. पुढच्या तासाला मी होमवर्क केलाच नाय. मॅडमना बोललो, लिहिणार, चुकणार, खोडणार, परत लिहिणार, किती खर्च. म्हणून एनर्जी वाचवली.

मॅडम शांतपणे बोलल्या, "छान. वाचवलेली आता वापर. तास संपेपर्यंत उभा राहा."

*

घरी पण ट्राय मारला. आई बोलली, हंडा भरून आण. मी बोललो, आये, केस म्हणजे प्रोटीन. माझे एवढे केस वाढतायत, सगळी एनर्जी तिकडे चाललीय, हंडा उचलायला शिल्लकच नाय.

आईने माझ्या डोक्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मी बारीक केस कापून, हंडा घेऊन नळावर उभा होतो.

*

आणि मग तो तास आला.

मॅडमनी प्लॅन केला होता की वर्गातच प्रोटीन बनवायचं. सायली चिठ्ठी वाचून कुठल्या रंगाचा मणी ते सांगणार. मी मणी आणणार. सुश्या रायबोसोम, म्हणजे ओवणारा. आणि एटीपी म्हणजे चिक्कीच्या वड्या. एका जोडाला चार वड्या पातेल्यात टाकायच्या, म्हणजे खर्च डोळ्यांना दिसेल. मॅडमनी वड्या मोजून डबा भरून आणला, आणि मी खाईन या भीतीने सकाळीच प्राचार्य सरांच्या केबिनमध्ये ठेवून दिला.

तासाला सर मागच्या बाकावर बसले. शिपायाने डबा आणून टेबलावर ठेवला. माळ सुरू झाली. सायली रंग सांगतेय, मी मणी देतोय, सुश्या ओवतोय, पातेल्यात वड्या पडतायत. माळ अर्ध्यावर आली आणि मॅडमचा हात डब्याच्या बुडाला लागला.

वड्या संपल्या.

मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज नाय. वर्गाला बोलल्या, "बघा. मणी आहेत, चिठ्ठी आहे, ओवणारा आहे. तरी काम थांबलं. पेशीची एनर्जी संपली की असंच होतं. सुशांत, हात खाली."

सुश्याने दोऱ्यासकट हात खाली घेतला. मागून सरांनी विचारलं, "मॅडम, वड्या कमी आणल्या होत्यात का?"

"नाही सर. पूर्ण मोजून आणल्या होत्या."

सगळ्या वर्गाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. देवाशप्पथ सांगतो, या वेळी मी नव्हतो. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, मी स्वतः पण ठेवला नसता. डोक्यात एकच, माझ्या नावामुळे मॅडमचं पुढचं वर्ष गेलं.

मॅडमच बोलल्या, "सर, यानं नाही खाल्ल्या. यानं खाल्ल्या असत्या तर डबाही राहिला नसता."

कोण हसलं नाय. सर उठले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मिशीला चिकटलेला गुळाचा कण बोटाने काढला.

"मी खाल्ल्या," सर बोलले. "हे आमच्या घरी कोणी सांगू नका. आणि मॅडम, पुढच्या वर्षी डबा माझ्या केबिनमध्ये ठेवू नका."