चंद्राआडचं यान आणि मामाजींचा आवाज

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. ठेवीन म्हटलं असतं, तरी आमच्या घरात ते चाललं नसतं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर माझ्या सासऱ्यांनी ताईत, गंडे, उतारे, भगत... सगळं एका दमात बंद केलं होतं. सासूबाईंनी एकदा शेजारणीचं ऐकून दाराला लिंबू-मिरची बांधली. सासऱ्यांनी ती सोडली, लिंबू वरणात पिळलं आणि मिरची तोंडी लावली! अशा घरातल्या सुनेनं हे लिहावं की नाही, याची मला अजून धाकधूक वाटते. पण या सदरात इतरांचे अनुभव वाचले आणि वाटलं, आपणही सांगून टाकावं. शिक्षण चौथीपर्यंत आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

गोष्ट अकोल्यातली, साठ सालानंतरची. मोर्णा नदीच्या काठाजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बैठक, मागच्या खोलीत चूल, मध्ये एक दार. माझं माहेर अचलपूरच्याही पुढं, अमरावतीला एसटी बदलून जावं लागायचं. धाकट्या भावाच्या वेळी माझी आई बाळंतपणातच गेली. भावंडं सांभाळायला घरी राहिले, तिथंच शाळा संपली. लग्न होऊन आले तेव्हा या गावात मला फक्त नवऱ्याचं नाव माहीत होतं, आणि तेही घ्यायचं नव्हतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एका वाचनालयात शिपाई होते. तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची. ती पट्टीनं कापून पुस्तक कपाटात लावणं हे त्यांच्याकडे होतं. साहेबांना विचारून ते पुस्तक आधी घरी आणायचे, वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे आणि जेवणाआधी सासूबाईंना वाचून दाखवायचे. पण पानं कापायची ती आजच्यापुरतीच!

"सगळी कापली का डोळा पुढं पळते," म्हणायचे.

त्यांना आवड एकाच जातीच्या पुस्तकांची... चंद्रावर जाणारी रॉकेटं, समुद्राच्या पोटातली शहरं, अदृश्य होणारी माणसं, जादूच्या गुहा. कव्हरामुळे लेखकाचं नाव मला कधी दिसलंच नाही. आम्ही आपले 'चंद्रवाले', 'गुहावाले', 'समुद्रवाले' म्हणायचो. गुहावाले प्रत्येक पुस्तकात एक म्हातारी मारायचे म्हणून सासूबाईंचा त्यांच्यावर राग. मला चंद्रवाले आवडायचे. त्यांच्या माणसांना भीती वाटायची आणि तरी ती कामाला लागायची.

'मला' म्हणते खरी, पण मी तिथं नसायचेच. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, बोलायचं नाही. मामाजी म्हणायचे, "अवं, तिले बाहेर येऊ दे ना, काहून कोंडून ठेवतं?" माझीच हिंमत व्हायची नाही. मग ते आपली सतरंजी सरकवत सरकवत दाराला चिकटून बसायला लागले आणि आवाज वाढवला.

"एवढ्यानं काहून ओरडून राहिले? मी का बहिरी हावो?" सासूबाई म्हणायच्या.

"तुले नाही, भिंतीले ऐकवून राहिलो."

वाचून झालं की विचारायचे, "समजलं का?" ते विचारणं मला असायचं. समजलं असेल तर मी आतून बांगड्या वाजवायचे. नाही वाजल्या तर ते पुन्हा वाचायचे, सासूबाई कपाळावर हात मारून घेईपर्यंत. माझ्यासाठी कुणी एक गोष्ट दोनदा सांगितल्याचं मला आधी आठवत नव्हतं.

मला दिवस गेले आणि माझी झोप उडाली. आईचं झालं तेच माझं होणार, हे मी मनात पक्कं धरून चालले होते. कुणाला बोलले नाही. सातव्या महिन्यात मामाजींच्या पोटाचं दुखणं वाढलं. त्यांचा भाचा अमरावतीला दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून ऑपरेशन तिथंच ठरलं. सासूबाई सोबत जाणार होत्या. तेव्हा चंद्रवाल्यांचं नवं पुस्तक चालू होतं. यान चंद्राच्या मागं गेलेलं, पृथ्वी दिसेना, रेडिओ बंद, आणि आतली माणसं अंधारात... नेमकं तिथं थांबलं होतं. निघताना मामाजी दाराकडे तोंड करून म्हणाले, "पुस्तक संगं नेतो. पन तुयाबिगर पुढचं पान कापत नाही. बाळंतपनाच्या आधी वापस येतो."

ते यायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. आठवाही नीट भरला नव्हता. भर दुपार होती. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेलेले. शेजारच्या पोरीनं सुईणीला बोलावून आणलं. शेवंताबाई नाव तिचं, हाताला गुण होता पण तोंड भारी फटकळ. सारखी म्हणायची, "जोर लाव वं, अशी मेल्यावानी काहून पडली?" पण माझ्यात जोर नव्हताच. डोळ्यांपुढं आईचा चेहरा होता. खरं सांगते, मी सोडून दिलं होतं.

आणि दारापलीकडून मामाजी वाचायला लागले.

कुजबुज नाही, भास वाटावा असं काही नाही... नेहमीचा, भिंतीला ऐकवायचा आवाज. यानातली माणसं घाबरली आहेत, पाणी संपत आलंय. तरी कप्तान बंद रेडिओसमोर बसून बोलतोच आहे. जेवलो का, कोण घोरतं, सगळं सांगतोय. धाकटा इंजिनीअर विचारतो, कुणालाच ऐकू जात नाही तर बोलता कशाला? कप्तान म्हणतो, पलीकडे कुणी कान लावून बसलं असेल, त्याला एकटं कसं सोडू? आणि तेवढ्यात स्वयंपाकी ओरडतो. त्याच्या ओल्या मोज्यात सांडलेल्या मुगांना मोड आलेत! चंद्राच्या मागं, मोज्यात, मूग!

मला हसू फुटलं. तशा कळांमध्ये.

"मामाजी आले का?" मी शेवंताबाईला विचारलं.

"कोन मामाजी? बाहीर कोंबडी बी नाही. हासून काय राहिली बाप्पा, जोर लाव!"

तेवढ्यात आवाज थांबला आणि नेहमीसारखं विचारलं, "समजलं का?" मी होता तेवढा जीव हातात आणून बांगड्या वाजवल्या. मग मी जोर लावला. मुलगी झाली. एवढीशी, पण रडली चांगली.

संध्याकाळी यांनी अमरावतीला तार केली. ती तिथं दुसऱ्या दिवशी मिळाली.

महिन्याभरानं मामाजी घरी आले, निम्मे झालेले. नातीला मांडीवर घेऊन बसले. सासूबाईच सांगत होत्या, "ऑपरेशनच्या दिवशी, म्हंजे तुमची तार आली त्याच्या आदल्या दिवशी, यायनं मले घाबरवलं ना! दुपारी तापात नुसते ओठ हलून राहिले होते. मंग एकदम इचारते कसे, समजलं का? म्या म्हटलं, काय समजलं? तं माह्याकडं पाह्यलंच नाही. हासले, म्हनाले, वाजल्या. अन् झोपले. म्या म्हटलं गेला आता मानूस हातातून."

मी दारामागं उभी होते. पाय कधी उचलला कळलं नाही. पदर नीट केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मामाजी, मोज्यातल्या मुगाचं पुढं काय झालं?"

"कोनते मूग?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. पुढची पानं जोडलेलीच होती, कुणी हात लावलेला नव्हता. त्यांनी माझ्यासमोर पट्टी घालून ती कापली आणि मोठ्यानं वाचायला लागले. कप्तान होता. बंद रेडिओ होता. मोज्याशी आले तेव्हा त्यांचा आवाज अडखळला.

सासूबाईंनी हात जोडले.

"हात खाली कर," मामाजी म्हणाले. "हे देवाचं नाही अन् भुताचं बी नाही. काईतरी कारन असंल. आपल्याले अजून ठाव नाही, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उभी काहून, पोरी? बस ना." मी सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले.

हे म्हणाले, तू आधी कधीतरी ऐकलं असशील. न कापलेल्या पानांतलं कुठून ऐकणार? शेवंताबाई म्हणाली, कळांमध्ये बायका काहीही ऐकतात. तेही खरं असेल. पण मुगाला मोड आलेले ऐकतात का? आणि त्यांनी अमरावतीला बांगड्या कशा ऐकल्या? शिकल्या-सवरल्या बऱ्याच माणसांना मी विचारलं. सगळे चहा मागतात.

तीन वर्षांनी मुलाच्या वेळी कळा लागल्या तेव्हा मी कान लावून पडले होते. काहीच ऐकू येईना. मग बैठकीत सतरंजी ओढल्याचा आवाज आला, आणि शेवंताबाईचा तोंडपट्टा. "बुढेबाबा, बाई अडली हाय अन् पोथी काय वाचून राहिले? चला निंगा!"

"पोथी नाही," मामाजी म्हणाले. "चंद्रवाल्याचं नवं पुस्तक हाय. मी काई इथून उठत नाही."

आणि ते मुलगा रडेपर्यंत वाचत राहिले.