दुर्बिणीला न दिसलेलं खळं

तारापूरला मोजणी चालली होती, तेव्हा एक मोजणीदार दुर्बीण घेऊन आमच्या किनाऱ्यावर यायचा. बोलतानाही त्याचा एक डोळा मिटलेलाच असे. आमचं बोंबील वाळवायचं खळं त्याने नकाशात ‘रिकामी जागा’ म्हणून लिहिलं. रिकामी जागा सरकारजमा होणार होती. बोंबील टांगायचे खांब पावसाळ्यात उपटून ठेवलेले, ते आम्ही अजून रोवले नव्हते.

सासू भडकली. ‘‘ओ सायब, रिकामी कशी? आमचं पोट हाय त्यावर!’’

‘‘आजी, दुर्बिणीला उभं काही दिसलं, तरच मी नकाशात काढतो.’’

मला परक्यापुढे बोलता येत नाही. मी गुपचूप चार खांब आणून चारी कोपऱ्यांना रोवले.

त्याने दुर्बिणीतून पाहिलं आणि पेन्सिलीने चौकोन काढला. मग पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘ताई, अजून काय काय राहिलंय?’’

मी पुढे चालू लागले. तो मागून आला. दुर्बीण तिथेच राहिली.