बुटाच्या नाडीचा फोटो

आमची पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका बर्फाळ चौकीवर होती. मी हवालदार, राहणारा काटोलचा. माझ्या हाताखाली नाईक गणेश, खापरखेड्याचा. समोरच्या डोंगराचे एकेक फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर जोडून लांबलचक पॅनोरमा करायचा, हे आमचं काम. गस्त कुठून जाणार, ते त्यावर ठरायचं.

नव्या जवानांना मी कॅमेऱ्याचे तीन कोन मानेवरून शिकवायचो. मान डावी-उजवीकडे वळवली की यॉ, वर-खाली केली की पिच, कान खांद्याकडे झुकवला की रोल. हे तिन्ही कळले तरच फोटो नीट जुळतात. त्यात रोल भारी दगाबाज. गणेश म्हणायचा, "फोटोत आमच्या गावच्या पॉवर हाऊसची चिमणी वाकडी दिसली का समजाचं, आपलाच हात वाकडा हाय." म्हणून तो बुटाच्या नाडीला दगड बांधून कॅमेऱ्यापुढे लटकवायचा. नाडी सरळ लोंबते. फोटोत ती जितकी तिरकी दिसेल, तितका रोल.

एका दुपारी पॅनोरमात एक काळा खडक दोनदा आला आणि त्याच्या शेजारचा नालाच गायब झाला. ट्रायपॉडचा एक पाय बर्फात खचला होता. आमची गस्त त्याच नाल्याकडे निघून गेली होती. तिला पुढे जाऊ द्यायचं की थांबवायचं, कॅप्टन साहेब विचारत होते. खालून ढग चढत होते.

"पुढच्या कड्यावरून मी हातानंच काढतो," गणेश म्हणाला. "ट्रायपॉड तिथं बसत नाही."

"दोर बांध."

"बांधला, भाऊ."

थोड्या वेळाने रेडिओवर त्याचा आवाज आला. "फोटो पाठवून राहिलो. भेटला का? ओव्हर."

"मिळाला. लगेच मागे फिर. ओव्हर."

"रॉजर."

फोटो चांगलाच तिरका होता, पण त्यात नाडी होती. नाडीवरून रोल मोजला, आकडा भरला आणि चित्र जुळलं. नाला दिसला. त्याच्या डोक्यावरच्या बर्फाला ताजी भेग होती. साहेबांनी गस्त तिथेच थांबवली आणि माघारी बोलावली.

मी गणेशला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर येईना, तेव्हा कड्याकडे धावलो. कड्याची कड तुटली होती आणि दोर खडकावर कापला गेला होता. गस्त सुखरूप परतली आणि त्याच जवानांनी त्याचा देह वर आणला. मी त्यांच्यासमोरच रडलो.

आता मी रिटायर होऊन नागपुरात असतो. परवा तो फोटो मोठा करून खापरखेड्याला घेऊन गेलो, सरळ न करता, कडा न कापता. पॅनोरमात जे कापलं गेलं होतं, ते त्यात आहे: नाडीचं वरचं टोक धरलेली गणेशची दोन उघडी बोटं.

त्याच्या आईने त्या बोटांवर हात ठेवला.

"हातमोजा काहून काढला गा यानं? थंडी नव्हती का तिथं?"

"होती, काकू," मी म्हणालो. "मोज्यात नाडी धरता येत नव्हती."