गळाचा धागा आणि अंजनी सिस्टर

नम्रतेची एक अडचण आहे. ती ज्याच्यापाशी असते त्याला तिचा अभिमान बाळगता येत नाही. बाळगला की ती संपते. म्हणून ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांना करावे लागते. जबलपूरच्या सदर नावाच्या भागात अंजनी सिस्टरच्या बाबतीत हे काम आम्ही बरीच वर्षे मन लावून करत आहोत, आणि त्यात कसूर झाली असे कोणी म्हणणार नाही.

अंजनी वानखेडे, वय अडुसष्ट. आजोबा अमरावतीकडून एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि नर्मदेचे पाणी मानवले म्हणून राहिले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. प्रार्थना मात्र ती वऱ्हाडीत करते. देवाला ती भाषा समजते असा तिचा विश्वास आहे, आणि आजवर तिकडून तक्रार आलेली नाही. चौतीस वर्षे तिने एका इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली. लग्न केले नाही. का, असे विचारणाऱ्याला ती "राहून गेलं" एवढेच सांगते, जणू धोबी यायचा राहून गेला. निवृत्तीच्या दिवशी तिला शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता ती चर्चच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली एक टब, दोन बादल्या आणि टॉवेलांची चळत घेऊन बसली. तिथून ती अजून उठलेली नाही.

ती शुगरवाल्यांचे पाय धुते.

शुगर जुनी झाली की पाय मुके होतात. खडा टोचला, चटका बसला, बूट चावला, तरी वर खबर पोचत नाही. खबर पोचते ती वासाने, आणि तोवर डॉक्टर कुठून कापायचे याचा विचार करत असतो. इस्पितळात सिस्टरने असे कापलेले पाय इतके बांधले की शेवटी तिचे एकच तत्त्वज्ञान उरले: कापलेला पाय बांधण्यापेक्षा न कापलेला धुणे सोपे. पाणी कोमट, तेही कोपराने तपासलेले. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखे सरळ कापायची. मग धागा.

धागा म्हणजे मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा दोरा. बरगी धरणावरच्या एका मासेमाऱ्याकडून तिने तो मागून आणला, बोटाएवढा तुकडा कापून संपलेल्या बॉलपेनच्या टोकात बसवला. तळव्यावर टेकवायचा आणि वाकेपर्यंत दाबायचा. लागला तर पाय बोलतो आहे. नाही लागला तर मुका झाला.

एवढी सोपी परीक्षा, पण जबलपूरचे लोक भिडस्त. सिस्टर एवढी वाकून विचारते आहे, तिला नाही कसे म्हणावे? म्हणून धागा तळव्याजवळ येण्याआधीच उत्तर येते. यात सर्वांत पुढे श्रीपाद सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचे घराणे मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेले, त्यामुळे अदब सात-आठ पिढ्या मुरलेली.

"लागलं, सर?"

"लागलं, लागलं, सिस्टर. छान लागलं."

"मी अजून लावलाच नाही."

"हो का? मग लागेलच."

तेव्हापासून नियम झाला: झाडाखाली बसायचे ते डोळे मिटून, आणि खोटे बोलणाऱ्याला रांगेत पुन्हा शेवटी. रांग सांभाळायला बेबीताई. सदरच्या कोपऱ्यावर तिची भाजीची गाडी आहे. सहा वर्षांपूर्वी ती काळे पडलेले बोट घेऊन आली होती. बोट गेले, पाय राहिला. त्या शनिवारपासून तिने स्वतःची नेमणूक रांगेवर करून घेतली. बेबीताई घरच्या देवीची पूजा करून मग इकडे येते. येशूशी तिची ओळख सिस्टरमार्फत झाली, आणि ती सांगते की ओळख चांगल्या माणसामार्फत झाली की मग फार चौकशी करावी लागत नाही.

आता जे सिस्टरने कोणाला सांगितले नव्हते ते. तिला स्वतःला अकरा वर्षे शुगर होती. गेल्याच्या मागल्या दिवाळीनंतर एका शनिवारी, सगळे गेल्यावर, तिने धागा स्वतःच्या डाव्या तळव्याला लावला. धागा वाकला. पायाने काही सांगितले नाही. तिने पेन पुसून डब्यात ठेवले, पांढरे कॅनव्हासचे जुने बूट चढवले आणि घरी गेली. रोज आरशात तळवे बघा, असे ती साठ लोकांना बजावत होती. तिने स्वतः बघणे त्या दिवशी थांबवले. बघितले की दिसते, दिसले की डॉक्टर घरी बसवतो, आणि ती बसली तर साठ माणसांच्या एकशे वीस पायांकडे कोण बघणार? हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्यात स्वतःचे दोन पाय तिने कुठेच धरले नव्हते.

एप्रिल आला. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी या चर्चमध्ये पाळक बारा जणांचे पाय धुतात. ख्रिस्ताने शेवटच्या जेवणाआधी कंबरेला टॉवेल बांधून शिष्यांचे धुतले, त्याची ही आठवण. सदरच्या मंडळींनी या प्रथेत एक सुधारणा केली आहे. निवड झालेले बारा जण घरून पाय घासूनपुसून, नखे कापून, काही जण पावडर लावून येतात. पाळकांना घाणेरडे पाय कसे द्यायचे? त्यामुळे पाळकांचा टॉवेल दर वर्षी जसा आला तसा पांढरा परत जातो. सिस्टर वर्षानुवर्षे मागे उभी राहून कोमट पाण्याचा जग देत असे.

त्या वर्षी पाळक नवे होते, पियूष. वय तेहतीस, घरचे मराठी, पण बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरणारे. त्यांनी बारा नावांची यादी सूचनाफलकावर लावली आणि त्यात सिस्टरचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने कागद उतरवला, आपले नाव खोडले, चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या रत्नाकरचे लिहिले, आणि कागद पुन्हा लावला. चार पिना होत्या, एक हातातून पडली. तिने इकडेतिकडे पाहिले, सापडली नाही. तीन पिनांवर कागद राहिला.

चौथी पिन तिच्या डाव्या बुटाच्या झिजलेल्या तळातून वर शिरली होती. ती तशीच चालत घरी गेली. तिथून पुढे दहा दिवस चालतच होती.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अकरा जण खुर्च्यांवर बसले होते. रत्नाकरला ताप आला होता. पियूष कंबरेला टॉवेल बांधून बाराव्या खुर्चीपाशी थांबले आणि जग धरून उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहून म्हणाले, "सिस्टर, आइए ना. बसा तुम्ही."

"नको, भैया. माझी जागा इथंच बरी."

"एक बार. माझ्यासाठी."

"माझे पाय नाही धुवायचे. तुम्ही नाही धुवायचे." आवाज जरा चढला होता.

ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीही एकाने आधी पाय पुढे करायला साफ नकार दिला होता, आणि त्याला त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले होते. पण मंडळी भारावली. पुढच्या बाकावरच्या बाईंनी डोळे पुसले. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, काय ही नम्रता! आम्हीही म्हणालो. एवढ्या जणांनी एकमताने चूक केली की ती चूक वाटत नाही.

शेवटच्या बाकावर बेबीताई होती. ती दर वर्षी सिस्टरसाठी येऊन बसते. तिचे लक्ष खुर्चीकडे नव्हते, फरशीकडे होते. सिस्टर जग घेऊन जिथे उभी होती तिथे डाव्या बुटाचा ओलसर ठसा राहिला होता. जगमधले पाणी असे पिवळट नसते, हे भाजीवालीला कळते.

"नम्र नाही न् काही नाही," ती चर्चच्या पायऱ्यांवर श्रीपाद सरांना म्हणाली. "बाई काहीतरी लपवून राहिली."

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधला शनिवार उजाडला. सिस्टर आठला पोचली तेव्हा पेशंटच्या स्टुलासमोर टब भरलेला होता आणि सिस्टरच्या पाटावर बेबीताई बसली होती. मागे रांग उभी होती. श्रीपाद सर पहिले.

"उठ तिथून," सिस्टर म्हणाली. "पाणी कोणी काढलं?"

"म्या काढलं. बसा स्टुलावर."

"वेळ नको घालवू, बेबी. लोक खोळंबले."

"लोकायले मीच थांबवलं. बसा म्हणून राहिली नं."

"काहून पण?"

"धागा लावतो. सहा वर्सं तुमी मले लावला, आता माहा नंबर."

रांग हसली. सिस्टरही हसली, आणि हसण्यात घेतल्यावर नाही म्हणता येईना म्हणून बसली. बूट मात्र काढला नाही. उजवा पाय पुढे केला.

"तो नाही, सिस्टर. दुसरा."

"दोन्ही सारखेच आहेत."

"मंग दुसराच द्या."

सिस्टरने डावा बूट काढला, मोजा ठेवला. "मोज्यावरूनच लाव. चालतं."

चालत नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला तिनेच शिकवले होते. बेबीताईने पाय मांडीवर घेतला. "डोळे मिटा," म्हणाली. सिस्टरने मिटले. बेबीताईने पेन उचलले, धागा तळव्यापासून वीतभर लांब हवेत धरला, आणि धरूनच ठेवला.

"लागलं?"

"लागलं," सिस्टर म्हणाली.

रांगेने श्रीपाद सरांकडे पाहिले. शेवटी श्रीपाद सरांनी घसा साफ केला. भिडस्त माणूस, हे वाक्य त्यांना जड गेले असणार.

"सिस्टर," ते म्हणाले, "अजून लावलाच नाही हो."

सिस्टरने डोळे उघडले. धागा बघितला. मग बेबीताईने मोजा ओढायला घेतला, तो निघेना, म्हणून पाय मोज्यासकट टबात घातला.

"पाणी," सिस्टर पुटपुटली. "पाणी कोपराने..."

"कोपरानंच पाह्यलं. गप बस वं आता तू."

सहा वर्षांत बेबीताईने तिला पहिल्यांदा तू म्हटले. मोजा भिजून सुटला. करंगळीच्या बुडाशी जखम होती, रुपयाएवढी, आणि कडा काळसर. बूट उलटा केला तर पितळी पिनेचे डोके तळात चमकत होते. पियूष तोवर धावत आले होते. त्यांनी पिन ओळखली. फलकावर तीनच उरल्या होत्या, आणि ती यादी त्यांनी लावली होती.

"सिस्टर, माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे नाही, भैया. मी माझं नाव खोडत होती." तिने पायाकडे पाहिले. "पाय गेला का गं, बेबी?"

"दहा बोटं आहेत अजून. आता पाहत नको बसू, ऑटो आणला आहे."

बेबीताईने तो पाय धुतला, बेचक्या कोरड्या केल्या, स्वच्छ कापडात गुंडाळला. सिस्टरने या वेळी हात मागे घेतले आणि करू दिले. आम्ही तिला चौतीस अधिक आठ वर्षे वाकताना पाहिले होते. मान ताठ ठेवून, दुसऱ्याला आपल्यापुढे वाकू देणे तिला किती जड जात होते ते त्या सकाळी दिसले.

करंगळी गेली. डॉक्टरांनी, जे एकेकाळी तिच्या हाताखाली ड्रेसिंग शिकले होते, सांगितले की ईस्टरनंतर आल्या असतात तर पाय घोट्यावरून गेला असता. दोन महिने जमिनीला पाय लावायचा नाही. बेबीताई इस्पितळात भेटायला गेली ती भेंडी घेऊन. "चला," ती म्हणाली, "आता नऊ नऊ बोटांच्या दोघी. बराबरी झाली."

शनिवार मात्र चुकले नाहीत. सिस्टर खुर्चीत, पाय गीतपुस्तकांच्या खोक्यावर. पाटावर बेबीताई. नावे लिहायला श्रीपाद सर. नखे कापायला पाळक पियूष, जे पहिल्या दिवशी इतक्या जपून कापत होते की दोन तासांत तीन माणसे झाली.

"भैया, नख आहे ते, प्रसाद नाही," सिस्टर खुर्चीतून ओरडली. "सरळ काप. सीधा!"

तिचा हिशेब तेव्हा चुकला. ती बसली तर एकशे वीस पाय कोण बघणार, याचे उत्तर झाडाखालीच रांगेत उभे होते. तिने विचारले नव्हते एवढेच. पावसाळ्यात संख्या नव्वदवर गेली.

पुढच्या वर्षी यादी लागली तेव्हा तिने नाव खोडले नाही. गुरुवारी दुपारी मझौलीहून आलेल्या एका म्हाताऱ्याची पट्टी बदलायला ती बाजारापलीकडे गेली होती, तिथे उशीर झाला. पाच वाजता अकरा चकचकीत पायांच्या जोड्या रांगेत होत्या. सिस्टर खास बनवून घेतलेल्या सँडलमध्ये सदरची सगळी धूळ घेऊन आत आली आणि बाराव्या खुर्चीवर बसली. सँडल काढले. नऊ बोटे, आणि घोट्यापर्यंत माती.

मंडळींत चुळबुळ झाली. घरून धुऊन यायचे असते हे तिला कोणी सांगितले नाही की काय?

पियूष गुडघ्यावर बसले. मागच्या बाकावरून आवाज आला, "भैया, कोपरानं पाह्यलं का पाणी?"

"देखा, बेबीताई. पाह्यलं," पाळक म्हणाले. प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये असे संभाषण पूर्वी झालेले नाही.

बाकी अकरा जणांनी डोळे मिटले होते. सिस्टरच्या उजव्या पायावर पाणी पडले ते तिला लागले. डाव्यावर पडले ते लागले नाही. म्हणून तिने डोळे उघडले, खाली वाकून बघितले, आणि पाय पूर्ण स्वच्छ होईपर्यंत बघत राहिली. पाणी गढूळ झाले, टॉवेल मातकट झाला. शुक्रवारी सकाळी तो चर्चमागच्या दोरीवर वाळत होता. धुऊनही डाग पुरता गेला नव्हता, आणि आम्ही कोणालाही तो पुन्हा धुवू दिला नाही.