परस्पर झालेला घटस्फोट

ती घटना आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन आता मी घरी निवांत भाजी निवडत बसते. पण कोणी सहज बोलताना 'परस्पर' हा शब्द उच्चारला की हातातली जुडी तशीच राहते.

मी चेन्नईतल्या एका महिला पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. नवरा-बायकोची भांडणं आमच्याकडे आधी या ठाण्यांत येतात. सकाळची हजेरी संपायच्या आत बाकावर एखादं तरी जोडपं एकमेकांकडे पाठ करून बसलेलं असे, आणि दोन्हीकडचे नातेवाईक दारात उभे राहून भांडणाला फोडणी देत. माझं माहेर तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातलं, सासर सांगलीचं. त्यामुळे घरात दोन तऱ्हांची मराठी आणि खात्यात तमिळ, असा माझा संसार चालला होता.

एका सकाळी तांबरमजवळच्या वसाहतीतून फोन आला. बोलणारी शेजारीण होती आणि नाव सांगायला तयार नव्हती. "एक मराठी बाई कालपासून गेटपाशी बसली आहे. आतून तिच्या मुलीचा आवाज येतोय. घरातले दार उघडत नाहीत. काही करून घेईल हो ती."

मी उपनिरीक्षक बाईंना पाठवलं. त्या तिला घेऊन आल्या, मागोमाग नवराही आला. गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, आवाज शांत. त्याने कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा टेबलावर ठेवला. दोघांच्या संमतीने घटस्फोट झालेला, चार वर्षांच्या मुलीचा ताबा वडिलांकडे.

उपनिरीक्षक बाई हुशार आणि चटपटीत. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारून बाईचा जबाब तमिळमध्ये लिहून घेतला आणि माझ्याकडे आल्या. "मॅडम, यात काही नाही. ती स्वतःच म्हणते आहे की परस्पर झालं. आता पस्तावली असेल. तक्रार मिळाल्याची पावती देऊन विषय संपवू का?"

मी त्या बाईला आत बोलावलं आणि मराठीत म्हटलं, "बस. काय झालं ते तुझ्या भाषेत सांग."

मराठी ऐकून ती आधी नुसती रडली. मग म्हणाली, "मॅडम, मला यातलं काहीच माहीत नाही. सगळं परस्पर केलं हो त्यांनी. परस्पर!"

मी टेबलावरचा तमिळ जबाब पुढे ओढला. तमिळमध्ये परस्पर म्हणजे दोघांनी मिळून, एकमेकांच्या मर्जीने. माझ्या माहेरच्या मराठीतही तोच अर्थ. पण सांगलीच्या सासूबाईंनी मला या शब्दाचा दुसरा अर्थ चांगला शिकवला होता. "परस्पर पाहुण्यांना हो म्हणालीस? परस्पर भाजी आणलीस?" म्हणजे, मला न विचारता, माझ्या पाठीमागे. उपनिरीक्षक बाईंनी तिचा शब्द जसाच्या तसा लिहिला होता आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा झाला होता. त्या जबाबावर मी पावती फाडली असती, तर ती पोर आईला कायमची दुरावली असती.

ती बाई कऱ्हाडकडची. नवऱ्याचं घर माझ्या माहेरासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. भाऊ-बहीण आपसात तमिळच बोलत, पण सून मात्र 'तिकडची' हवी, ही आमच्या लोकांची जुनी हौस. देवापुढे मराठी आरती म्हणायला कोणीतरी लागतं ना! ही लग्न होऊन आली, घरातच राहिली, तमिळ शिकलीच नाही. मग तिकडे तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. ती जायला निघाली तेव्हा नवरा म्हणाला, "पोरीला दवाखान्यात कुठे नेतेस? आत्या आहे ना इथे." आत्या म्हणजे हिची नणंद. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी पाठवली होती. कऱ्हाडला मुक्काम लांबत वर्षभरावर गेला. फोनवर मुलगी आधी रोज दिसायची, मग आठवड्याला, मग फोनच लागेना. आईचं सगळं उरकून ही परत आली तेव्हा दारातून उत्तर मिळालं की तुझा या घराशी संबंध उरलेला नाही.

न्यायालयातल्या अर्जावर दोघांच्या वतीने एकच वकील होता. त्यात बेकायदा असं काही नाही. खर्च वाचतो म्हणून खूप जोडपी तसं करतात. मी त्या वकिलाला जॉर्ज टाउनमधल्या त्याच्या ऑफिसातून बोलावून घेतलं. तो येण्यापूर्वी त्या बाईला माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. वकील तिच्या गुडघ्याला घासून आत आला, खुर्चीत ऐसपैस बसला.

"दोघं माझ्याकडे आले होते, मॅडम. मी सगळं नीट समजावलं. सहा महिने थांबावं लागेल, मग पुन्हा हजर राहून संमती द्यावी लागेल, सगळं."

"कुठल्या भाषेत समजावलंत?"

"तमिळमध्ये. त्या फार छान तमिळ बोलतात. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनीसुद्धा कौतुक केलं होतं."

"त्या बाहेर बसल्यात. जरा आत बोलवता?"

तो दारापर्यंत गेला, डोकावला आणि परत आला. "बाहेर कोणी नाही, मॅडम. कोणी उत्तरेकडची बाई बसलीय."

मी हुकूमनाम्यातल्या बायकोच्या नावावर बोट ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. तेव्हा त्याला कळलं आणि त्याने टेबलाची कड धरली. आधारच्या झेरॉक्सवर माणूस ओळखू येईल तर शपथ, म्हणून त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं म्हणे. त्याला फसवलं होतं की त्याने डोळे मिटून घेतले होते, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एवढं मात्र झालं की त्यानंतर तो भराभरा बोलू लागला.

नवरा तोंड उघडेना. "माझ्या वकिलाशी बोला," एवढंच. मी नणंदेला बोलावलं. तिशी ओलांडलेली, हडकुळी बाई. पदराला दुधाचा वास येत होता. तमिळमध्ये विचारलं तेव्हा तिची उत्तरं पाठ केल्यासारखी येत होती. पढवलेला माणूस पढवलेल्या भाषेत बराच टिकतो, हे मी नोकरीभर पाहिलं होतं. म्हणून मी माहेरच्या मराठीवर आले. "पोरीला जेवूं घालून आलीस काय ग?"

तिने चमकून वर पाहिलं. "घातलें, अक्का. दहीभात. दुसऱ्याच्या हातीं खातच नाही ती."

"तुला काय म्हणते?"

 ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. "अम्मा म्हणते. अक्का, मी चोरी केलें नाही. तिची आई टाकून गेली असं अण्णा म्हणाला. कोर्टांत नुस्तं मान हालिव म्हणाला. मज लेकरूं नाही, घर नाही. ही पोर तरी राहील म्हटलें."

न्यायालयात बायको म्हणून दोन्ही वेळा तीच उभी राहिली होती. सख्ख्या भावाची बायको म्हणून! मला तिचा संताप आला आणि कीवही आली. पण कीव आली म्हणून तिचं नाव गुन्ह्यातून वगळता येत नव्हतं. फसवणूक, तोतयेगिरी आणि कट, असा गुन्हा दोघांवर नोंदवला. न्यायालयासमोर खोटं बोलल्याबद्दल मात्र पोलिसाला परस्पर काही करता येत नाही. तिथे न्यायालयाचीच तक्रार लागते. तीही पुढे झाली.

हुकूमनामा रद्द करून घ्यायला तिला वकील हवा होता. नवऱ्याकडच्या लोकांनी लगेच एक सुचवलासुद्धा! मी तिला बजावलं, "तुझा वकील तुझाच पाहिजे. त्याने तुझं ऐकलं पाहिजे." विधी साहाय्य केंद्रातून एक वयस्कर वकीलबाई मिळाल्या. त्यांना मराठीचा गंध नव्हता. पहिल्या भेटीतच त्या म्हणाल्या, "दुभाषी आणा. ही काय सांगते ते मला कळल्याशिवाय मी हिची सही घेणार नाही." माझ्या ओळखीतल्या एक मराठी शिक्षिका प्रत्येक तारखेला जाऊन बसल्या. चांगला कौटुंबिक वकील कसा ओळखावा असं मला आजही लोक विचारतात. मी त्यांना या वकीलबाईंची गोष्ट सांगते आणि वर म्हणते, जो ऐकायच्या आधीच 'कळलं, कळलं' म्हणतो, त्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठा.

तरी तारखांवर तारखा पडल्याच. मधल्या काळात मुलीला भेटायची परवानगी मिळाली होती, पण दर वेळी मुलगी आजारी असल्याचा निरोप येई. शेवटी हुकूमनामा रद्द झाला, ताबा आईकडे आला.

न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत मुलीला सोपवलं, तेव्हा मी हजर होते. नणंदेने तिची वेणी घालून, गजरा माळून पाठवली होती. आईने दोन्ही हात पसरून हाक मारली. मुलगी दाराकडे वळून हुंदके देत एकच वाक्य म्हणत राहिली, "अम्माकिट्ट पोगणुम, अम्माकिट्ट पोगणुम."

आईचा चेहरा उजळला. "मॅडम, अम्मा म्हणाली! मला अम्मा म्हणाली ना? काय म्हणतेय ती?"

शिक्षिका बाहेर वकीलबाईंजवळ होत्या; खोलीत मराठी आणि तमिळ दोन्ही कळणारी मी एकटीच होते. तिला भूक लागलीय, असं मी म्हणू शकले असते. निदान तो दिवस तरी तिचा सुखाचा गेला असता. पण याच बाईचा एक शब्द चुकीच्या अर्थाने पुढे गेला असता तर काय झालं असतं, ते मी पाहिलं होतं. आता मीच तिला खोटा अर्थ कसा सांगणार?

"तिला अम्माकडे जायचंय," मी म्हटलं. "ती तुझ्या नणंदेला अम्मा म्हणते, बाळ."

ती हळूहळू खाली बसली. रडली नाही. मग तिने मला विचारलं, "मीच तुझी आई आहे, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?"

मी सांगितलं. तिने ओठांतल्या ओठांत घोकलं, मग मुलीकडे पाहून अडखळत म्हणाली, "नान दान उन् अम्मा."

उच्चार चुकला होता. मुलीने रडणं थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या साडीचा पदर धरून माझ्या मागे लपली.