भिंतीकडे तोंड केलेले नकाशे

फ्रेमवाल्यांच्या बैठकीच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडायचा. भिंतीवर अकरा फ्रेमा आणि अकराही भिंतीकडे तोंड करून. समोर नुसता खाकी कागद, खिळे आणि सुतळी.

"शिक्षा केलीय का हो सगळ्यांना?" एकदा शेजारणीने फ्रेमवाल्यांच्या बायकोला, काकूंना, विचारलं.

"उजेडाने रंग उडतात त्यांचे," काकू म्हणाल्या. "माझा उडाला तेव्हा यांना एवढी काळजी नव्हती."

फ्रेमांत होते युरोपातल्या प्रांतांचे दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, मग एकेक सीमा कुंचल्याने हाताने रंगवलेले. फ्रेमवाल्यांनी उभा जन्म लोकांची लग्नं आणि पूर्वज काचेत बसवले. स्वतःसाठी मात्र हे जमवले, रद्दीतून, लिलावातून, फाटक्या अ‍ॅटलासांतून. नकाशा हाती आला की आधी पाठ बघायचे. जुन्या हिरव्या रंगाने कागद मागून तपकिरी पडलेला दिसला, म्हणजे रंगकाम अस्सल त्या काळचं, की स्वारी खूश! रविवारी पडदे ओढून दहा मिनिटं सगळे सरळ करायचे, काचा पुसायच्या, पुन्हा उलटे.

लेक शिकायला जर्मनीतल्या बव्हेरियात गेली आणि काकूंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने फोन उचलला नाही की काकू दर पाच मिनिटांनी पुन्हा लावायच्या. मग त्यांनी एक चोरटा नेम धरला. नवरा दुकानात गेला की बव्हेरियाचा नकाशा सरळ करायचा, नदीच्या वळणावरच्या गावावर बोट ठेवून विचारायचं, "जेवलीस का गं?" आणि पदराने काच पुसून तो पुन्हा उलटा लावायचा. असे चार महिने गेले.

एका शनिवारी मध्येच बेल वाजली आणि काच पुसायची राहिली.

रविवारी फ्रेमवाल्यांनी काच तिरकी धरली. "अगं, हे बोट कुणाचं?"

काकूंचा चेहरा उतरला. "माझं. रोज बघते, दोनच मिनिटं. हा तेवढा दुकानात नेऊन ठेवू नका हो. हाच एक आधार आहे मला."

त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं. "पण तिचं गाव हे नाहीच. ते इथं, दोन बोटं वर."

"अगं बाई! म्हणजे चार महिने मी भलत्याच गावाची विचारपूस केली?"

"तिथली मंडळी चांगली बाळसं धरून असतील."

मग त्यांनी हातोडी घेतली, नकाशा काखेत मारला. काकूंना वाटलं, चालला आता. पण ते स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत थांबले. तिथे कधीच ऊन पोचत नव्हतं. खिळा ठोकला आणि नकाशा टांगला, सरळ, तोंड बाहेर करून.

"बघत जा," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी बैठकीतल्या दहा काचा पुसल्या. बोळकांडीतली पुसायला काकू गेल्या आणि फडकं हातातच राहिलं. लेकीच्या गावावर काकूंच्या बोटाच्या ठशाशेजारी, दुकानातल्या पॉलिशने माखलेला एक जाडजूड अंगठा उमटला होता.