पाळण्याचा पहिला फेरा

पोलिओनं माझे पाय गेले, तेव्हापासून मला कोणीही सामानासारखं उचलून कुठंही ठेवत असे. त्याचा मला भयंकर राग यायचा. पण अमरावतीच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यासाठी मीच हट्ट धरला. बाबा दुपारीच पाळणेवाल्याला भेटले. गर्दी होण्याआधी, पाळणा नीट थांबवून पोरीला बसवा, म्हणाले.

"पयला फेरा देवीचा असते," तो म्हणाला. "आमी तो रिकामाच फिरवतो. पोरीले त्यातच बसवा लागन. पन बाजूची जागा देवीची. तुमी बसू नका."

संध्याकाळी त्यानं मला पाळण्यात एका कडेला बसवून कमरेला दोरी बांधली. पाळणा माझ्या बाजूला कलायला हवा होता. तो पलीकडे कलला आणि फेराभर तसाच राहिला.

खाली आल्यावर त्यानं मला उचलून बाबांकडे दिलं. पाळणा अजून कललेलाच होता. आडवी दांडी उघडी धरून तो रिकाम्या जागेपुढं मान खाली घालून उभा राहिला.

"उतर, माय."

पाळणा हलका होऊन वर उसळला.

भीती मला नंतर वाटली. आधी हेवा वाटला. तिला कोणी उचललं नव्हतं.